नऊ लाखांचा प्लॉट आणि एक सातबारा

‘घेऊन टाका, दोन वर्षांत डबल!’ दिवाळीला गोंदियाला घरी गेलं की चकलीबरोबर हे वाक्य मिळतंच. या खेपेला ते बाबांनी मनावर घेतलं. बालाघाट रोडच्या बाजूला ले-आउट पडतोय, पंधराशे स्क्वेअर फूट, नऊ लाख. बाबांचे पीएफचे सहा, वर माझं तीन लाखांचं लोन. मी पुण्यात भाड्याच्या वन-बीएचकेत राहते. स्वतःच्या जमिनीचं नाव काढलं की आपणही विरघळतोच ना!

बँकेतल्या मॅडमनी दोनच प्रश्न विचारले. एनए ऑर्डर? नाही. मंजूर नकाशा? होता, पण नुसती झेरॉक्स, शिक्का नाही. ‘मग लोन नाही.’ विषय संपला. बाबा चिडले. दलाल मात्र खूश: ‘लोन कशाला ताई, कॅश द्या. आज बयाणा, महिनाभरात रजिस्ट्री.’

रात्री महाभूलेखवर सातबारा काढला (फुकट दिसतो, पाच मिनिटांचं काम). भोगवटादार वर्ग-२! म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही अशी जमीन. आणि पीक? धान. सकाळी जागेवर गेले. शेजारचे काका हसले, ‘बांधी आहे ती, पोरी. श्रावणात ये, गुडघाभर पाणी दिसेल.’ बरोबरच आहे. धानाची बांधी पाणी धरायलाच बांधतात, त्यात बेडरूम कोण बांधणार? दलालाकडे महारेराचा नंबर मागितला. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरवरच्या प्लॉटच्या ले-आउटलाही २०१७ पासून ही नोंदणी लागते. उत्तर आलं, ‘आपल्याकडे ते कोणी बघत नाही.’

बाबांनी बयाणा दिला नाही, पण दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी नवी आयडिया: फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ, भाड्यात हप्ता फिटेल!

कॅल्क्युलेटर काढला. समजा, फ्लॅट २५ लाखांचा, लोन २० लाख, ९ टक्के, २० वर्षं. ईएमआय साधारण १८,००० रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात १५,००० नुसतं व्याज! पूर्ण मुदतीत बँकेला जातात ४३ लाखांच्या वर. भाडं ७,००० धरलं, तर वर्षाचे ८४,०००, म्हणजे २५ लाखांवर साडेतीन टक्केसुद्धा नाही. मेंटेनन्स, टॅक्स आणि रिकामे महिने वेगळेच. दरमहा ११,००० खिशातून घालायचे, किंमत वाढेल या भरवशावर. राहायला घर हवं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मी एवढा हिशेब केला नसता. पण ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणायचं तर करायलाच हवा.

परवा बाबांचा फोन. फुलचूरला दुसरा प्लॉट बघितलाय म्हणे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, ‘सातबारा व्हॉट्सअ‍ॅप केलाय. वर्ग-१ आहे. फेरफार काढायला तलाठ्याकडे उद्या जातोय.’