निकालाच्या दिवशी वेबसाइट का रखडते? ‘कम्पाइल’ केल्याने वेग किती वाढतो?

लातूर : दहावी-बारावीच्या निकालादिवशी दुपारी एक वाजला, की लातूर विभागीय मंडळातल्या लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो मोबाइलवर एकाच वेळी बैठक क्रमांक टाइप होतो. पान नुसतं फिरत राहतं. ‘रेंज नाही’ म्हणत मुलं गच्चीवर पळतात. पण अनेकदा अडचण टॉवरची नसते, पलीकडच्या सर्व्हरची असते.

बऱ्याच वेबसाइट पीएचपी, पायथन अशा ‘इंटरप्रिटेड’ भाषांत लिहिलेल्या असतात. देगलूरच्या बाजारात तेलुगू गिऱ्हाइकाशी दुभाष्यामार्फत बोलावं, तसं त्यांचं काम. एक वाक्य ऐकायचं, उलथवायचं, मग पुढचं. तोच प्रश्न शंभरदा आला तरी शंभरदा तीच मेहनत. कम्पायलर मात्र अख्खा प्रोग्राम आधीच प्रोसेसरच्या भाषेत उतरवून ठेवतो.

यातून खरंच फरक पडतो? फेसबुकला पडला. पीएचपीचं सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करून कम्पाइल करणारं ‘हिपहॉप’ कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर केलं. वेब सर्व्हरच्या प्रोसेसरवरचा भार त्यामुळे सरासरी ५० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. म्हणजे तेवढ्याच मशीनवर जवळपास दुप्पट काम! पुढे त्याची जागा ‘एचएचव्हीएम’ने घेतली. ते प्रोग्राम चालू असतानाच, वारंवार लागणारा भाग कम्पाइल करतं. या तंत्राला ‘जेआयटी’ म्हणतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ मध्येही जेआयटी आलं. नुसत्या आकडेमोडीच्या चाचण्यांत वेग सुमारे तिप्पट झाला. वर्डप्रेससारख्या नेहमीच्या वेबसाइटवर मात्र फारसा फरक दिसला नाही. कारण तिथे बराच वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यातच जातो. दुभाष्या कितीही चपळ असला, तरी गोदामातून माल यायलाच उशीर झाला तर तो काय करणार?

त्यामुळे नांदेड-लातूरमध्ये क्लासेसच्या, दुकानांच्या वेबसाइट बनवणाऱ्यांनी जेआयटीच्या मागे लागण्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. पीएचपी ५ वर अडकलेली वेबसाइट नव्या आवृत्तीवर नेली, तरी मोठा फायदा होतो. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ नेच अनेक वेबसाइटचा वेग जवळपास दुप्पट केला होता. एकदा तयार झालेलं रूपांतर मेमरीत जपणारं ‘ओपीकॅश’ २०१३ पासून पीएचपीसोबतच मिळतं. ते सुरू आहे का, हे होस्टिंगवाल्याला विचारायला पैसे लागत नाहीत.

आणि निकालाचं म्हणाल, तर गुणपत्रिका दर मिनिटाला बदलत नाही. पानं आधीच तयार करून ठेवली, तर एक वाजता डेटाबेसला हात लावायचीही गरज उरत नाही.