सेवेची कोंडी

बँक, इस्पितळ, रेल्वे यांच्या बहुतेक नोंदी आज संगणकांत असतात. त्या सांभाळून, विचारील त्यास उत्तर देणारी जी आज्ञावली, तिला 'डेटाबेस सर्व्हर' म्हणतात. टपालकचेरीच्या खिडकीपाशीं बसलेल्या कारकुनाची उपमा तिला शोभेल. ही कचेरी तिजोरी न फोडतांही बंद पाडतां येते. कारकुनास निरर्थक प्रश्नांत गुंतवून ठेविलें कीं, रांगेंतील गरजू माणूस रिकाम्या हातीं परततो. हीच सेवेची कोंडी होय.

अशा कोंडीस आज्ञावलींतील लहानसा दोषही पुरतो. मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर २०००' मध्यें असे दोष आढळले. 'जागा आहेस काय?' असा संदेश आल्यास हा सर्व्हर तोच संदेश उलट पाठवी. कोणी एका सर्व्हरच्या नांवानें खोटा संदेश दुसऱ्यास धाडला, तर दोघेही परस्परांस उत्तरें देत बसत व खरें काम रखडे. दुसरा दोष अधिक भयंकर होता. येणारा संदेश लांबी न मोजतांच ठरीव जागेंत भरला जाई. शेराच्या मापांत पायली ओतली म्हणजे धान्य बाहेर सांडतें. तसा जादा मजकूर शेजारच्या स्मृतींत शिरून तेथें स्वतःचे हुकूम चालवूं शके.

२५ जानेवारी २००३ रोजीं, आपल्याकडे सकाळचे सुमारें ११ वाजले असतां, 'स्लॅमर' नांवाचा ३७६ बाइटांचा कृमि याच वाटेनें शिरला. बाधित यंत्र वाटेल त्या पत्त्यांवर त्याच्या प्रती धाडीत सुटे. आरंभीं दर साडेआठ सेकंदांस बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होई. दहा मिनिटांत दोषयुक्त यंत्रांपैकीं शेंकडा ९० हून अधिक त्याच्या तावडींत सांपडलीं. त्यानें नोंदींतील एक अक्षरही पुसलें नाहीं. तरी वाटा तुंबल्यामुळें बँक ऑफ अमेरिकेचीं पैसे देणारीं यंत्रें अडलीं, दक्षिण कोरियांत इंटरनेट कोलमडलें, आणि सिॲटल शहरानजीक आणीबाणीच्या हांकेस धांवणाऱ्या कचेरींतील लोकांस कागदावर नोंदी कराव्या लागल्या.

खेदाची गोष्ट ही कीं, या दोषांवरील दुरुस्ती २४ जुलै २००२ रोजींच, म्हणजे सहा महिने आधीं, प्रसिद्ध झाली होती. पुष्कळांनीं ती बसविली नव्हती. कित्येकांस तर दुसऱ्या आज्ञावलीबरोबर हा सर्व्हर आपल्या यंत्रांत आला आहे, याची जाणीवही नव्हती.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं जो पुढें आज्ञावली लिहील, त्यानें येणारा प्रत्येक संदेश मोजून घ्यावा, व नको असलेलें दार बंद ठेवावें. आणि पालकहो, घरांतील यंत्रानें दुरुस्ती मागितली असतां 'उद्यां पाहूं' म्हणून ती लांबणीवर टाकूं नये. एकाच्या आळसानें अडलेली वाट पुष्कळांची असते.