अकरा टक्क्यांचं गुपित

आयन, म्हणजे विद्युतभारित अणू-रेणू, विद्युतक्षेत्रात धरून त्यांचं वस्तुमान मोजणारा आयन सापळा बॉनच्या वोल्फगांग पॉल यांचा. १९५० च्या दशकात त्यांनी तो मांडला आणि १९८९ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेलही मिळालं. पण प्रयोगशाळेच्या टेबलावर रोज चालणारं उपकरण म्हणून तो उभा राहिला कॅलिफोर्नियात, फिनिगन कंपनीत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथली खरी गोष्ट पकडण्याची नाही, बाहेर काढण्याची आहे.

तोवर सापळ्यात एका वेळी एकाच वस्तुमानाचे आयन टिकवायची धडपड चाले. जॉर्ज स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी ते उलटं केलं. सगळेच आयन आत धरायचे आणि सापळ्याच्या मधल्या धातूच्या कड्यावरचा रेडिओ-वारंवारतेचा व्होल्टेज हळूहळू चढवत न्यायचा. आधी हलक्या आयनांचा तोल सुटतो, मग जडांचा. कड्याच्या दोन बाजूंना बसवलेल्या टोप्यांपैकी एकीच्या भोकांतून ते वस्तुमानाच्या क्रमाने बाहेर पडतात आणि शोधकावर आदळतात.

मग आला हेलियम. निर्वात जितका कडक तितकं यंत्र चोख, हा या क्षेत्रातला पक्का समज. इथे तर सहस्रांश टॉर दाबाच्या आसपास हेलियम आत असताना वस्तुमानाच्या आलेखातली शिखरं एकदम धारदार झाली! हलक्या अणूंशी टकरा होऊन आयनांची ऊर्जा उतरते, ते मध्यभागी गोळा होतात आणि वेळ आली की एकगठ्ठा निघतात. मला या साऱ्या इतिहासात हा क्षण सर्वांत आवडतो.

तरी एक दुखणं उरलं होतं. काही संयुगांची वस्तुमानं सरकून दिसत. टोप्यांना पाडलेल्या भोकांमुळे विद्युतक्षेत्र बिघडे, आयन तोल सुटण्याच्या उंबरठ्यावर रेंगाळत आणि उशिरा निघत. तो उशीर संयुगागणिक वेगळा. उपाय निघाला तो साधा: दोन्ही टोप्या पाठ्यपुस्तकातल्या जागेपेक्षा सुमारे ११ टक्के लांब सरकवायच्या. कंपनीने हे वर्षानुवर्षं बाहेर कळू दिलं नाही. विद्यापीठांत लोक आदर्श आकार धरून आयनांच्या कंपनांची गणितं मांडत होते आणि समोरचं यंत्र मुळात त्या आकाराचं नव्हतंच. धंद्याची गरज मी समजू शकतो. पण विकत घेतलेल्या यंत्राचा खरा आकार संशोधकाला ठाऊक असायलाच हवा होता. १९९० च्या दशकात अखेर ते उघड झालं.

दरम्यान बाहेर काढण्याची रीतही सुधारली. टोप्यांवर छोटा पूरक व्होल्टेज द्यायचा, त्याची वारंवारता आयनाच्या डोलण्याशी जुळवायची. झोक्याला नेमक्या तालात धक्का मिळावा तसा तेवढाच आयन उसळतो आणि बाहेर जातो. जर्मनीत ब्रेमेनला योखेन फ्रान्झेन यांनी तर क्षेत्रात मुद्दाम वाकडेपणा घातला. त्यामुळे आयन उंबरठ्यावर न रेंगाळता झपाट्याने निघू लागले.