निरोधक की सापळा?

मी साहित्याचा शिक्षक. पण पारिभाषिक शब्द मराठीत कसे यावेत, या प्रश्नामुळे रेणुजीवशास्त्राच्या पुस्तकांत डोकवावे लागते. ‘प्रोटीएज’ म्हणजे प्रथिनांची साखळी कापणारे विकर. त्यांना आवरणाऱ्या रेणूंना आपण ‘निरोधक’ म्हणतो. या शब्दाने दारावरचा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. काही निरोधक कुलपात अडकलेल्या किल्लीसारखे असतातही. पण आपल्या रक्तातला एक महत्त्वाचा निरोधक चक्क उंदराचा सापळा आहे.

त्याचे नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. तो यकृतात तयार होतो. नाव ट्रिप्सिनवरून पडले असले तरी त्याचे मुख्य सावज इलॅस्टेज हे विकर. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना ते सोडतात. मोकाट सुटले तर ते फुप्फुसाचे लवचीक तंतूच कुरतडते. या निरोधकाच्या अंगाबाहेर एक वळसा आमिषासारखा असतो. इलॅस्टेज त्याला चावले, की वळसा तुटून झटकन आत मिटतो आणि चावणाऱ्याला फरफटत रेणूच्या दुसऱ्या टोकाशी नेऊन पिळवटून टाकतो. सापळाही त्यातच संपतो.

हा सापळा नसेल तर? १९६३मध्ये स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन यांना पाच जणांच्या रक्तात या प्रथिनाचा पट्टा जवळजवळ दिसलाच नाही. त्यांपैकी तिघांना फुप्फुसाचा विकार होता. याचे नेहमीचे गंभीर कारण पुढे कळले : ३९४ अमिनो आम्लांच्या साखळीत ३४२व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते आणि रेणू यकृतातच एकमेकांत गुंतून पडतात.

त्याहून विलक्षण उदाहरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे, १९८३मध्ये प्रसिद्ध झालेले. ३५८व्या जागी, म्हणजे नेमके आमिषावर, मेथिओनिनऐवजी आर्जिनिन आले. इलॅस्टेजला धरणारा सापळा आता रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच धरू लागला. ज्याच्या शरीरात हे घडले, तो मुलगा चौदाव्या वर्षी रक्तस्रावाने दगावला. शुद्धलेखनातल्या एका अक्षराबद्दल आम्ही किती वाद घालतो!

या कुळाला १९८५पासून ‘सर्पिन’ म्हणतात. ‘सेरीन प्रोटीएज इन्हिबिटर’चे ते आखडलेले रूप. मराठी कानाला त्यात सर्पीण ऐकू येते, पण सापाशी त्याचा काही संबंध नाही. वर्गात मी ‘सर्पिन’ तसाच ठेवतो आणि फळ्यावर त्याच्या शेजारी ‘सापळा-प्रथिन’ लिहितो.