बालकांचे समूह तालवादन

बालकांचे समूह तालवादन ही लहान मुलांना तालवाद्ये शिकवण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत मूल एकटे गुरूसमोर बसून शिकत नाही. ते आरंभापासून इतर मुलांच्या बरोबरीने वाजवते, समूहासह लोकांसमोर सादरीकरण करते आणि त्यानंतर काय जमले व काय बिघडले याविषयी बोलते. समूहाने वाजवणे आणि लोकांपुढे वाजवणे या गोष्टींना महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. वादनानंतर मुलांनी स्वतः केलेले चिंतन मात्र या परंपरेत क्वचितच आढळते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका आणि त्याच्या शेजारचा मावळ हा या परंपरेचा महत्त्वाचा प्रदेश आहे.

मुळशीतील ढोल-लेझीम

पौड हे मुख्य ठिकाण असलेला मुळशी तालुका सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसला असून येथील मुख्य पीक भात आहे. भाताची लावणी आटोपली की श्रावणापासून गावोगावी ढोल-लेझीमचा सराव सुरू होण्याची पद्धत आहे. गणेशोत्सव आणि ग्रामदैवताची यात्रा हे सादरीकरणाचे प्रमुख प्रसंग होत. नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईस गेलेली माणसे यात्रेला गावी परततात. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी अनेकांची मुळे मुळशी, मावळ, खेड या भागांत आहेत आणि चैत्रातील यात्रांसाठी ते दरवर्षी सुट्टी घेतात.

अशा गावांत मुलांना वेगळा वर्ग नसतो. लहान मूल प्रथम खेळाच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवते, मग रांगेच्या शेपटाला लेझीम घेऊन उभे राहते आणि हात बसल्यावर पुढे सरकते. ढोल त्याच्या गळ्यात त्यानंतर येतो. पावले चुकली तर शेजारचा खांद्याने ढकलून सांगतो, शब्दांनी नव्हे. ही पद्धत परिणामकारक आहे. पण रांगेतून गळालेल्या मुलाकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही, ही तिची उणीव होय.

शाळेतील लेझीम

लेझीम हा मूळचा फारसी शब्द असून साखळी लावलेल्या व्यायामाच्या धनुष्यास तो वापरला जाई. गावठी लेझीम लांब आणि धनुष्याकृती असते. शाळेतील लेझीम म्हणजे आखूड लाकडी दांडा आणि चकत्या ओवलेली लोखंडी साखळी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बडोद्याचे प्रा. माणिकराव आणि अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) यांच्यासारख्या व्यायामप्रसारकांनी ती संघव्यायामाच्या शिस्तीत आणली. चौ आवाज, एक जगह, आदि लगाव, आगे फलांग अशी तिच्या प्रकारांची हिंदी नावे आजही महाराष्ट्रातील शाळांत ऐकू येतात. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांतही लेझीमचे सादरीकरण झाले.

लेझीम तालवाद्यही आहे आणि व्यायामाचे साधनही आहे. मूल स्वतःच्या हालचालीतून आवाज काढत असल्याने मात्रा चुकली की ती कानांना आणि पायांना एकाच वेळी कळते. बालशिक्षणाच्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. कवायतीत मात्र तो अनेकदा वाया जातो, कारण तेथे शिट्टी आणि हुकूमच लय सांभाळतात आणि मुलांना ऐकण्याचे कारण उरत नाही.

शहरी पथके

पुण्याच्या शाळांतील ढोल पथकांच्या आरंभाशी ज्ञान प्रबोधिनीचे (स्थापना १९६२) संस्थापक आप्पासाहेब पेंडसे यांचे नाव जोडले जाते. प्रबोधिनीची बरची आणि ढोल पथके गणेश विसर्जन मिरवणुकीत सहभागी होत आली असून त्यांत मुलीही वाजवतात. त्यानंतर शहरात स्वतंत्र पथके मोठ्या संख्येने उभी राहिली. त्यांचा सराव पावसाळ्यात मुठेच्या नदीपात्रालगत आणि मोकळ्या मैदानांवर चालतो. वादनाच्या नमुन्यास पथकांत ‘हात’ म्हणतात. हाताची सुरुवात आणि बदल ताशा दाखवतो, ढोल त्यामागे जातात. ढोलाच्या एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर हाताची थापी पडते.

समूहाची आवश्यकता

भारतीय शास्त्रीय परंपरेत तबला-पखवाजाचे शिक्षण बहुतांशी व्यक्तिगत राहिले. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताचे शिक्षण वर्गात आणले, तरी परीक्षा एकेकट्याचीच राहिली. वारकरी परंपरेत याच्या उलट घडते. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत (१९१७, जोग महाराज) आणि गावोगावच्या भजनांत मूल आधी टाळ धरते आणि मोठ्यांच्या लयीत सामावून मग पखवाजाकडे जाते.

समूहातच लय लवकर येते या अनुभवास संशोधनाचाही आधार आहे. जर्मनीतील सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिले. यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाबरोबर मुलांची लय अधिक जुळली. २०१० च्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली चार वर्षांची मुले त्यानंतर एकमेकांना अधिक मदत करताना आढळली. यावरून भ्रमणध्वनीवरील ठेक्याबरोबर लहान मुलांचा सराव घेण्याची रूढ होत चाललेली पद्धत फारशी हितकर नाही, असे म्हणता येते.

मुलांची स्वाभाविक लय प्रौढांपेक्षा द्रुत असते. ‘मुले पळतात’ ही शिक्षकांची नेहमीची तक्रार तीतून येते. म्हणून जाणते शिक्षक फार विलंबित लयीपासून आरंभ करीत नाहीत. मुलांच्या चालण्याच्या लयीवर प्रथम बोल म्हणवून घेतात, मग टाळी आणि शेवटी वाद्य, असा क्रम ठेवतात. ‘धा गे ना ती ना के धी ना’ हा केरव्याचा ठेका तोंडी पाठ झालेल्या मुलाला हाताने तो चुकल्याचे आपले आपण उमगते.

सादरीकरणानंतरचे चिंतन

चिंतन म्हणजे चुकांची झडती नव्हे. सादरीकरणानंतर मुले गोलात बसतात आणि प्रश्न शक्यतो ऐकण्याविषयी विचारले जातात: लय कोठे पळाली, ती प्रथम कोणाला जाणवली, त्या वेळी तू कोणाकडे पाहत होतास? सहा-सात वर्षांच्या मुलाकडून शब्दांत उत्तर मिळेलच असे नाही. अशा वेळी त्याला तो भाग पुन्हा वाजवून दाखवण्यास, अथवा जोराचे आणि हळू ठोके लहान-मोठ्या ठिपक्यांनी कागदावर काढण्यास सांगितले जाते. चित्रमुद्रण दाखवणेही उपयोगी असते. पण ते सर्वांनी मिळून पाहताना एकाच मुलाची चूक वारंवार दिसत राहिली, तर ते मूल पुढच्या वेळी मागच्या रांगेत लपते. ते चित्रमुद्रण तसेच त्याच्या पालकांच्या गटावर गेले, तर हानी अधिक होते.

ताशा कोणी वाजवायचा हा प्रश्नही या बैठकीत निघतो. नेतृत्वाचे वाद्य एकाच मुलाकडे राहिले की बाकीची मुले लय धरण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवून मोकळी होतात. वाद्ये फिरती ठेवल्यास सादरीकरण काही काळ कच्चे दिसते, आणि वार्षिक स्नेहसंमेलन तोंडावर असलेल्या शाळांना ते परवडत नाही. सादरीकरण हे शिक्षणाचे साधन की शाळेची शोभा, हा या पद्धतीतील खरा वाद येथे उघड होतो.

अनुभवानंतर लेखी वा मौखिक चिंतन अनिवार्य मानणारी शिक्षणपद्धती मुळशीतही आहे. पौडजवळ १९९७ पासून असलेल्या यूडब्ल्यूसी महिंद्र महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट अभ्यासक्रम शिकवला जातो आणि त्यातील ‘सर्जनशीलता, कृती, सेवा’ या भागात चिंतन आवश्यक असते. मात्र ते विद्यार्थी उच्च माध्यमिक वयाचे असतात. ३ ते ८ वयोगटासाठी २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गाणी, ताल आणि हालचाल यांना स्थान दिले आहे.

श्रवण आणि वाद्याचे वजन

मोठ्यांचा ढोल लहान मुलाच्या कमरेस व पाठीस जड जातो. त्यामुळे बालवर्गात लेझीम, टाळ, डिमडी, हलगी अथवा जमिनीवर ठेवलेले वाद्य अधिक योग्य ठरते. आवाजाचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेतील व्यवसायआरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. हे प्रमाण प्रौढ कामगारांसाठीचे असून मुलांसाठी ते सुरक्षित मानू नये. ताशाच्या अगदी शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलाच्या कानात बोळे असणे आणि त्याची जागा सरावात बदलत राहणे आवश्यक आहे. बंदिस्त सभागृहात ढोल-ताशाचा सराव मुलांकडून घेऊ नये. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. त्यामुळे शहरातील वर्ग अनेकदा पानावर जाड कापड टाकून किंवा केवळ टिपऱ्या आणि टाळ्यांवर सराव घेतात. आवाज कमी झाल्याने मुलांना एकमेकांचे वादन अधिक स्पष्ट ऐकू येते.