गाडी सुरू होईना, दार उघडेना : खिशात हात घालण्यापूर्वी

पहाटे विमानतळाचे भाडे ठरलेले आहे. प्रवासी बॅगा घेऊन दारात उभा आहे. चालक किल्ली फिरवतो, पण गाडी हूं की चूं करीत नाही. काल रात्रीपर्यंत हीच गाडी बिनतक्रार धावत होती. आता भाडे गेले, दिवसाचा धंदा बुडाला आणि मेकॅनिकचा खर्च वेगळाच. ज्यांचे पोट गाडीवर आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही.

अशा वेळी गोंधळलेला माणूस समोर येईल त्या कारागिराला गाडी दाखवतो आणि तो सांगेल तो भाग बदलून घेतो. कधी नवी बॅटरी बसते, कधी सेल्फ बदलला जातो. दोष मात्र टर्मिनलवर साचलेल्या चिमूटभर भुकटीत असू शकतो. वास्तविक, गाडी आपला रोग पुष्कळदा स्वतःच सांगत असते. तो ऐकून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. मेकॅनिकला बोलावू नये असे आमचे म्हणणे नाही, पण काय बिघडले आहे याचा अंदाज घेऊन मगच बोलवावे.

आधी आवाज ऐकावा

सेल्फ मारल्यावर गाडी तीनपैकी एका प्रकारे वागते.

पहिला प्रकार : 'टक-टक-टक' असा भराभर आवाज येतो किंवा इंजिन अगदी रडत-रडत फिरते. येथे बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल झालेले असते.

दुसरा प्रकार : काहीच आवाज नाही, किंवा एकच जोरदार 'टक्'. आता गाडीतला दिवा लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवा एकदम मंद झाला तर बॅटरी किंवा टर्मिनल पाहावे. दिवा तसाच प्रखर राहिला तर सेल्फ, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायरिंग यांत दोष असण्याची शक्यता जास्त. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर लिव्हर 'पी'मधून 'एन'मध्ये टाकून पाहावे. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ लागत नाही. पायाखाली सरकलेली चटईसुद्धा पेडल अडवू शकते. किल्लीच फिरत नसेल तर स्टीअरिंग लॉक झालेले असते. स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवत किल्ली हळूच फिरवावी, जोर करू नये. किल्ली आत तुटली तर काम वाढते.

तिसरा प्रकार : इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही. येथे बॅटरीला दोष देऊ नये. इंधन येत नाही, ठिणगी पडत नाही किंवा गाडी किल्लीला ओळखत नाही, असा याचा अर्थ. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत किल्ली 'ऑन' करताच मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते. ती रोज कानावर असेल तर न आल्यास लगेच समजते. मग पंपाचा फ्यूज पाहावा. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरून पाहावी.

दिवे लागतात, मग बॅटरी कशी उतरली?

हा प्रश्न गॅरेजमध्ये रोज विचारला जातो. रेडिओ आणि दिवे यांना थोडासा प्रवाह पुरतो, पण सेल्फला लहान गाडीतही शंभर अँपिअरच्या वर लागतात. त्यामुळे थकलेली बॅटरी दिवे लावते, पण इंजिन फिरवू शकत नाही.

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर येथे उपयोगी पडतो. बॅटरीत सहा खाने असतात आणि प्रत्येक खाना सुमारे २.१ व्होल्ट देतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी त्यामुळे सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या बराच खाली घसरला तर बॅटरी थकली किंवा उतरली असे समजावे. गाडी सुरू झाल्यावर बऱ्याच गाड्यांत तो १३.८ ते १४.५च्या दरम्यान यावा. तेथेही १२च्या आसपासच अडकला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा, कारण चार्जिंग होत नसेल तर आज बसवलेली नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरेल. बॅटरीचे पैसे देण्यापूर्वी एवढी तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर इंजिन बंद ठेवून आधी वजा, मग अधिक टर्मिनल काढावे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासावे आणि कोरडे पुसावे. जोडताना आधी अधिक, शेवटी वजा. भुकटी आम्लाची असते, तेव्हा डोळे आणि हात सांभाळावेत.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना

लाल वायर प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावे. ते बॅटरीवर लावू नये, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते. जवळ विडी-सिगारेट तर नकोच. अधिक-वजाची अदलाबदल झाली तर इलेक्ट्रॉनिक भाग जळून हजारोंचा फटका बसतो. धक्का मारून गाडी सुरू करणे पद्मिनी टॅक्सीला चालत असे. पण ऑटोमॅटिक गाडी अशी सुरू होत नाही, आणि इतर नव्या गाड्यांतही बॅटरी पूर्ण उतरली असेल तर धक्क्याचा उपयोग होत नाही.

दार उघडत नाही तेव्हा

रिमोट दाबला आणि दार उघडले नाही, तर दोष रिमोटच्या सेलचा की गाडीच्या बॅटरीचा, हे आधी ठरवावे. रिमोटमधील किल्लीने दार उघडले आणि आतले दिवे नीट लागले, तर रिमोटचा सेल संपला असावा. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा, नाण्याच्या आकाराचा सेल असतो आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. दार उघडले पण दिवे लागले नाहीत, तर गाडीची बॅटरी बसली आहे. बॉनेटचा खटका आत असल्यामुळे दार उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत हात पोहोचत नाही, हेही ध्यानात ठेवावे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही मोठ्या बॅटरीबरोबर सहसा लहान १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडण्यात आणि गाडी सुरू करण्यात अडचण येते.

बटणाच्या गाडीच्या रिमोटमध्ये पातळ लोखंडी किल्ली लपवलेली असते. काही गाड्यांत तिचे भोक दाराच्या मुठीवरील झाकणाखाली असते. हे अंधारात शोधण्यापेक्षा आजच पाहून ठेवावे आणि महिन्यातून एकदा त्या किल्लीने दार उघडावे, म्हणजे कुलूप जाम होणार नाही. आत गेल्यावर सेल संपलेला रिमोट स्टार्ट बटणाला, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या जागी टेकवून ब्रेक दाबावा. त्यातील ओळखीच्या चिपला गाडीकडूनच शक्ती मिळते, त्यामुळे सेलशिवायही बहुतेक गाड्या सुरू होतात.

बंद गाडीत मूल अडकले असेल तर मात्र किल्लीवाल्याची वाट पाहत बसू नये. उन्हात गाडी काही मिनिटांत भट्टी होते. दार लगेच उघडत नसेल तर मुलापासून सर्वांत दूरची बाजूची काच फोडावी. काचेचे पैसे पुन्हा कमावता येतात.

सीएनजी आणि पाऊस

बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पैसे वाचवण्यासाठी पेट्रोलची टाकी कोरडी ठेवली की एखाद्या सकाळी इंजिन फिरते, पण पेटत नाही. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, तेव्हा ही बचत पंपावर उलटते. टाकीत पाच-सात लिटर पेट्रोल नेहमी असावे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबईकर विसरलेला नाही. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचे काम लाखावर जाते. पाणी चढत असेल तर काच उतरवून वेळीच बाहेर पडावे. वायरिंगमध्ये पाणी गेल्यावर काच आणि सेंट्रल लॉक चालतील याचा भरवसा नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी

जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागाव्यात. एकच मिळत असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करावा. चिपची नवी किल्ली गाडीशी जुळवून घेण्यास हजारो रुपये लागू शकतात, आणि एकमेव किल्ली हरवल्यास काम आणखी अवघड होते.

बॅटरी घेताना तीवरील निर्मितीची तारीख पाहावी, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख घालून घ्यावी. जुन्या बॅटरीतील शिशाला मोल आहे, तेव्हा तिचे पैसे बिलातून वजा करून घ्यावेत. आपल्या उन्हात बॅटरी लवकर थकते. तीन वर्षे झाली की प्रत्येक पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावी.

भाग बदलण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि काढलेला भाग परत मागावा. प्रामाणिक कारागीर याला हरकत घेत नाही. उलट 'गाडी चालत नाही' म्हणण्याऐवजी 'सेल्फ मारताना नऊ व्होल्ट दिसतात' असे सांगणारे गिऱ्हाईक त्यालाही सोयीचे असते.

गाडीत जंपर वायर, मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना आणि काही फ्यूज ठेवावेत. रिमोटचा एक सेल मात्र पाकिटात असावा आणि दुसरी किल्ली घरी, कारण दार बंद झाले तर गाडीत ठेवलेल्या या दोन्ही वस्तू हाती लागणार नाहीत. एवढी तयारी एका बुडालेल्या भाड्याच्या आसपासच्या खर्चात होते.