संगणकीय भाषा प्रकाशनास सिद्ध केव्हा होते?

मराठी, कोकणी किंवा कन्नड या भाषांना प्रकाशनाचा दिवस नसतो. त्या बोलल्या जातात, बदलत जातात आणि व्याकरणकार मागाहून नियम नोंदवतो. संगणकाला काम सांगण्यासाठी रचलेल्या भाषांचा क्रम उलटा असतो. तिथे व्याकरण आधी आणि भाषक नंतर. त्यातही मुक्तस्रोत भाषा घडत असतानाच सर्वांना खुली असते. कुणीही ती उतरवून घ्यावी, वापरावी, तिच्यात दुरुस्ती सुचवावी. जी आधीपासूनच सर्वांच्या हाती आहे, तिचे ‘प्रकाशन’ म्हणजे नेमके काय? साहित्याचा अध्यापक म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर भाषेच्या नियमांशी आणि भाषकांच्या विश्वासाशी निगडित आहे.

अशा भाषेच्या आवृत्त्यांना ०.१, ०.९ असे क्रमांक दिले जातात. क्रमांक शून्याने सुरू होतो तोवर कोणताही नियम केव्हाही बदलू शकतो, असा संकेत आहे. १.० हा क्रमांक लागला की कर्ते सहसा शब्द देतात : आज चालणारी आज्ञावली पुढच्या आवृत्तीतही चालेल. भाषा परिपूर्ण झाली, असा त्याचा अर्थ नव्हे. तिच्यातले काय यापुढे बदलणार नाही, हे ठरले, एवढाच त्याचा अर्थ.

हे ठरवायला किती काळ लागू शकतो, याचे उदाहरण म्हणजे पर्ल ६. पर्लचे जनक लॅरी वॉल हे भाषाविज्ञान शिकलेले गृहस्थ. या नव्या भाषेची घोषणा २००० साली झाली. ‘नाताळपर्यंत येईल, पण कोणत्या नाताळपर्यंत ते विचारू नका’ असा विनोद तिच्याबाबत रूढ झाला होता. अखेर २०१५च्या डिसेंबरात ती आली. तिच्या सिद्धतेची कसोटी मात्र चोख होती. भाषेचा प्रत्येक नियम तपासणाऱ्या हजारो लहान चाचण्या लिहिल्या गेल्या, आणि ज्या कंपायलरला त्या पार करता येतील तो पर्ल ६चा, असे ठरले. परंतु दरम्यानच्या पंधरा वर्षांत जुने पर्ल आपल्या वाटेने चालत राहिले आणि अनेक आज्ञावलीकार दुसऱ्या भाषांकडे वळले. २०१९ साली या भाषेचे नावही बदलून ‘राकू’ झाले.

रूढ झालेले नियम मोडण्याची किंमत पायथॉनने मोजली. २००८ साली आलेल्या पायथॉन ३मध्ये जुन्या आवृत्तीतले काही नियम जाणीवपूर्वक बदलले होते. मजकूर छापण्याच्या साध्या आज्ञेलाही आता कंस आवश्यक झाला. जुन्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. म्हणजे अकरा वर्षे दोन पायथॉन शेजारी शेजारी नांदले. आपल्याकडे १९६२च्या शासनमान्य नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तरी त्याआधीची पुस्तके आपण सहज वाचतो. माणूस सांभाळून घेतो. कंपायलर एका कंसावरून अडून बसतो.

रस्ट या भाषेने मधला मार्ग काढला. १.०च्या आधीच्या काही महिन्यांत, एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची तिची स्वतःची एक व्यवस्था कर्त्यांनी काढूनच टाकली. १५ मे २०१५ रोजी १.० प्रकाशित झाली. तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, मात्र अपुरे प्रयोग वेगळ्या चाचणी-आवृत्तीतच राहतात. लोकांनी प्रसिद्ध केलेल्या रस्टमधील असंख्य आज्ञावल्या नव्या कंपायलरवर चालवून काही मोडते का, हेही पाहिले जाते.

काय वचनाबाहेर ठेवावे याचा एक दाखला थेट आपल्या लिपीतला आहे. रस्टच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात ‘नमस्ते’ हा शब्द देवनागरीत छापला आहे. संगणकाच्या लेखी त्यात १८ बाइट आणि ६ युनिकोड चिन्हे असतात : न, म, स, हलन्ताचे चिन्ह, त आणि एकाराची मात्रा. अक्षरे मात्र तिथे चार दिली आहेत : न, म, स्, ते. आपल्याकडचे पहिलीतले मूल तीन सांगेल, कारण त्याला ‘स्ते’ हे एकच जोडाक्षर दिसते. अक्षरे मोजण्याची सोय रस्टमध्ये प्रायोगिक स्वरूपात होती. कर्त्यांनी ती १.०च्या वचनात घेतली नाही, वेगळ्या संचाकडे सोपवली. पुढे २०२३ साली युनिकोड १५.१ने देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम केला आणि त्यांच्याही हिशेबी ‘नमस्ते’ची अक्षरे तीन झाली. ती मोजणी भाषेच्या गाभ्यात असती, तर गाभ्यालाच आपले उत्तर बदलावे लागले असते.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी बोलीभाषेचा कोश किंवा एखाद्या कवीची शब्दसूची संगणकावर आणू पाहील, तेव्हा भाषा निवडताना त्याने तीन गोष्टी विचाराव्यात. काय बदलणार नाही, हे लिहून दिले आहे का? ते तपासणाऱ्या चाचण्या कुणालाही चालवून पाहता येतात का? आणि जे अजून ठरलेले नाही, ते उघडपणे बाजूला ठेवले आहे का? कोशाचे काम दहा-वीस वर्षे चालते, आणि आज लिहिलेली आज्ञावली तेवढी वर्षे चालली नाही तर ते अर्ध्यावरच राहते.